घरकुल बांधताना: फोटोत न येणारी कामं

मी गवंडी आहे. औसा तालुक्यातला. थापी हातात घेऊन चोवीस वर्षं झाली, आणि गेल्या आठ-नऊ वर्षांत बांधलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरकुलं, म्हणजे सरकारी योजनेच्या पैशातली घरं. यादीत नाव लागलं की माणूस आधी पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. प्रश्न एकच, "मिस्त्री, एक लाख वीस हजारांत होतंय का?" होत नाही. पण कुठं काटकसर करायची आणि कुठं नाही हे आधी कळलं, तर जे होतं ते धड होतं. तेच लिहितोय. उदाहरण आमच्या गल्लीतल्या मावशीचं घेतो. तिचं घर २०२५ साली मी बांधलं आणि त्याचा हिशेब माझ्या वहीत आहे.

आधी कागद, कारण त्यात अडकलं की पाया उकरूनही उपयोग नसतो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणची यादी ग्रामसभेतून जाते, तेव्हा ग्रामसभेला स्वतः बसा, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका. जागेचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ लागतो. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला एक लाखापर्यंत मदत मिळते, ती वेगळी मागावी लागते. ग्रामसेवकाचं नाव आता सरकारनं ग्रामपंचायत अधिकारी केलंय. गावात हाक तीच, भाऊसाहेब.

बँकेचं एक लक्षात ठेवा. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकात येतात असं नाही, आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे तिथं पडतात. मावशीचा पहिला हप्ता "आला" असं पंचायत समितीत दिसत होतं आणि तिच्या खात्यात काही नव्हतं. दीड महिना हेलपाटे झाले. शेवटी कळलं, कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्या बँकेत उघडलेलं खातं आधारला जोडलेलं होतं, पैसे तिथं निवांत पडून होते. तेव्हा मंजुरी आली की पहिल्यांदा बँकेत जाऊन विचारा, "माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय?"

आणि फोटोचे पैसे कुणाला देऊ नका. गृहनिर्माण अभियंता किंवा भाऊसाहेब येऊन मोबाइलवर कामाचे फोटो काढतात, ते बघूनच हप्ते पडतात, आणि त्याला फी नाही. एक मध्यस्थ मावशीकडं "जिओ-टॅगचे दोन हजार", म्हणजे फोटोला जागेची खूण जोडायचे, मागायला आला होता. तिनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "पावती आण, मग देते." परत आला नाही.

पैशाचं गणित

सपाट भागाला घरकुलाचे १,२०,००० रुपये, डोंगराळ भागाला १,३०,०००. आमच्या पंचायत समितीत ते चार हप्त्यांत पडले: १५,०००, मग ७०,०००, मग ३०,०००, शेवटी ५,०००. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५ च्या ३१२ रुपये दरानं २८,०८०. शौचालयाचे १२,०००. २०२५ मध्ये राज्य सरकारनं आणखी ५०,००० जाहीर केले, त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सौर पॅनेलला. पॅनेल सोडून बेरीज केली तर १,९५,०८०. मावशीचं घर झालं दोन लाख साठ हजारांत. वरचे पासष्ट हजार कुठून आले ते पुढं सांगतो.

खरा घोळ बेरजेत नाही, हप्त्यांच्या क्रमात आहे. पहिला हप्ता पंधरा हजार आणि दुसरा हप्ता जोतं, म्हणजे पायावरचा चौथरा, झाल्यावर. आमच्याकडच्या काळ्या रानात धड पाया घेऊन जोतं करायला पन्नास-पंचावन्न हजार लागतात. म्हणजे पस्तीस-चाळीस हजार आधी आपल्या खिशातून घालायचे, ते दिसायला पाहिजेत फोटोत, मग सत्तर हजार येणार. ज्याच्याकडं ते नाहीत म्हणून त्याला घरकुल मिळालं, त्याच्याकडूनच ही अपेक्षा! ज्यानं हे ठरवलं त्यानं कधी पाया उकरला नसावा. मग लोक काय करतात? पाया दोन फूट खोल घेतात, वर जोतं झकास बांधतात, फोटो निघतो, हप्ता पडतो. जमिनीखाली किती आहे ते फोटोत येत नाही.

मावशीनं पस्तीस हजार बचत गटातून उचलले, दुसऱ्या हप्त्यात फेडले. पुढं स्लॅबच्या वेळी पुन्हा गटाकडं गेली, काही पोराच्या ऊसतोडीच्या उचलीतून आले. पण त्याआधी आम्ही फुकट काय मिळतं ते बघितलं. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू मोफत मिळते. तहसीलचा पास लागतो, ट्रॅक्टरचं भाडं आपलं. हा अर्ज मंजुरीच्या दिवशीच टाका, कारण वाळू यायला वेळ लागतो आणि काम सुरू झाल्यावर माणूस घायकुतीला येऊन विकतची घेतो. दुसरं म्हणजे तिच्या जुन्या घराचे दगड. पडक्या भिंतीचा चांगला काळा दगड पायात सिमेंटच्या मालात बसवला. दगडाचा एक रुपया लागला नाही. तिसरं, रोजगार हमीचा हजेरीपट आधी सुरू करा. पाया उकरायची मजुरी त्यातूनच निघते, आणि मागाहून मागितली तर कुणी दाद देत नाही.

पाया

माझं पहिलं घरकुल मी सोळा-सतरा साली बांधलं. तीन फूट पाया घेतला होता, त्या काळात आमच्याकडं सगळे तेवढाच घ्यायचे. दोन पावसाळे गेले आणि न्हाणीच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग गेली, पाच रुपयांचं नाणं उभं जाईल एवढी. घरमालक भला माणूस, काही बोलला नाही. मी अजून त्या गल्लीनं जाताना मान खाली घालतो.

काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. भेगाळलेलं रान सगळ्यांनी पाहिलंय, तेच घराच्या खाली होतं. त्या घराच्या न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशीच मुरत होतं. एक कोपरा कायम ओला, बाकीचे तीन कोरडे. भिंत फाटणारच.

तेव्हापासून माझा नियम: मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मावशीकडं साडेचार फुटांवर लागला. नाहीच लागला तर चर रुंद करून खाली बाहेरचा मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारून धुम्मसानं कुटलेला. जोत्याच्या पोटात उकरलेली काळी माती परत टाकायची नाही. फुकट आहे, तिथंच पडलेली आहे, मजूर ढकलायला तयारच असतात. तुम्ही मात्र उभं राहून बघा. घराभोवती दोन-तीन फुटांचा फरशीचा किंवा कोब्याचा पट्टा बाहेर उतार देऊन करा आणि न्हाणीचं पाणी पाइपानं लांब सोडा. हे दोन्ही कोणत्याच फोटोत मागत नाहीत.

पट्टे

आता जे सांगतो त्याच्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला आवाज आला, रिकामी बैलगाडी दगडांवरून पळवल्यासारखा. आमचं गाव किल्लारीपासून वीसेक किलोमीटर. आमच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड आणि माती, वर माळवद. माळवद म्हणजे तुळया, त्यावर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी आजोबा गळू नये म्हणून वर अजून थोडी पांढरी टाकायचे, त्यांच्या वडिलांनीही टाकली होती. सकाळी पाहिलं तर आमच्या मधल्या घराचे लाकडी खांब आणि तुळया उभ्या होत्या, भिंती बाहेरच्या बाजूला उलटल्या होत्या. पुढच्या वस्तीवरच्या कुडाच्या झोपडीला काही झालं नव्हतं. किल्लारीत आणि सास्तुरात तर काही उरलंच नाही. त्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि लातूर तिसऱ्या झोनमध्ये आलं.

पुढं मी गवंड्यांच्या पंचेचाळीस दिवसांच्या सरकारी प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा तिथल्या सरांनी फळ्यावर भिंतीचं चित्र काढलं आणि मला ती सकाळ कळली. जाड भिंत म्हणजे दोन भिंती एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, मधे नुसता चुरा. आरपार जाणारा दगड कुठं नव्हता, कोपऱ्यात भिंत भिंतीत गुंतलेली नव्हती. हलल्याबरोबर प्रत्येक भिंत आपापली पडली आणि वरचं टनांनी वजन खाली आलं.

घर बांधून ठेवायचं असतं, पेटी सुतळीनं बांधतात तसं. ती सुतळी म्हणजे सळया घातलेले काँक्रीटचे पट्टे. एक जोत्याच्या उंचीवर, एक लिंटलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या, उंचीवर, आणि वर स्लॅब.

लिंटलचा पट्टा म्हणजे दारावर टाकतात तो तुकडा नव्हे. तो चारही भिंतींवरून आणि मधल्या भिंतीवरूनही अखंड फिरला पाहिजे. तीन इंच जाड, भिंतीएवढा रुंद, त्यात दोन सळया आणि दर सहा इंचाला सहा मिलिमीटरची आडवी कडी. घर एवढंच असेल तर आठ मिलिमीटरची सळई चालते, तुमच्या अभियंत्याला विचारून घ्या. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत निदान दीड-दोन फूट न्यायची. मजूर कंटाळून कोपऱ्यापर्यंत सरळ सळई टाकतात आणि वर काँक्रीट ओततात. वरून एकदम छान दिसतं! म्हणून काँक्रीट पडायच्या आधी चारही कोपरे स्वतः बघा, शिडी लावून.

मावशीच्या घराला लिंटलचा पट्टा फिरवायला चार पोती सिमेंट आणि तीसेक किलो लोखंड लागलं. मजुरी धरून पाच हजारांच्या खाली. जोत्याचाही तेवढाच. दोन्ही मिळून दहा हजार, आणि हेच दहा हजार लोक वाचवतात, कारण तिसऱ्या हप्त्याला फोटो लिंटल लेव्हलचा लागतो. दारा-खिडकीवर तेवढे तुकडे टाकले तरी लेव्हल तीच दिसते. मावशीनंही विचारलं होतं.

"भाऊ, बाजूच्यानं नुसतं दारावर टाकलंय. त्याचा हप्ता आला की."

"मावशी, त्र्याण्णवला तुझं घर कुठल्या बाजूला पडलं होतं?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "टाक फिरवून."

आणखी दोन गोष्टी भिंतीच्या. दार किंवा खिडकी कोपऱ्याला चिकटवू नका, मी निदान दोन फूट भिंत सोडतो. आणि प्रत्येक कोपऱ्यात पायापासून स्लॅबपर्यंत एक उभी दहाची सळई घालतो, भोवती विटांचा खिसा सोडून तो काँक्रीटनं भरत जायचा. एक मजली घराला आपल्या झोनमध्ये हे सक्तीचं नाही. माझ्या मनाच्या समाधानासाठी घालतो म्हणा.

विटा रात्रभर भिजवलेल्या हव्यात, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत राहतो. एका दिवसात तीन-चार फुटांवर भिंत चढवायची नाही. गिलाव्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. पैसे संपले तर आतला करा, बाहेरचा पुढच्या वर्षी करा.

स्लॅबचा दिवस

मावशीचं घर बाहेरून सव्वीस बाय तेरा फूट, आतून योजनेला हवं तेवढं, २६९ चौरस फुटांच्या वर, स्वयंपाकाची जागा धरून. साडेचार इंची स्लॅबला अठ्ठावीस पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासहून जरा जास्त वाळू आणि एक ब्रासच्या थोडी वर खडी लागली. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण एकास दीडास तीन. वाळू पाटीनं मोजू देऊ नका. कुणाची पाटी शिगोशीग असते, कुणाची अर्धी. फर्मा, म्हणजे मापाची पेटी, वापरा, नसेल तर एकच घमेलं ठरवून ते पट्टीनं सपाट करून मोजा.

आणि पाणी. एका पोत्याला पंचवीस लिटर, याच्या वर नाही. स्लॅबच्या दिवशी बारा वाजले, ऊन चढलं, मिक्सरवाल्या पोरानं पाइप सरळ ड्रममध्ये सोडला. माल पातळ झाला की घमेल्यातून भरकन सुटतो, पसरायला सोपा, कमरेला आराम. त्याची चूक नाही, त्याला दिवसाचे सहाशे मिळतात आणि घर त्याचं नाही. पण तेवढं पाणी नंतर वाळून जातं आणि जिथं पाणी होतं तिथं पोकळी राहते. मी पाइप काढून घेतला आणि मावशीला मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसवलं, हातात पंधरा लिटरची बादली. एका पोत्याला एक पूर्ण बादली आणि वर दहा लिटरच्या खुणेपर्यंत. सत्तरीची बाई, संध्याकाळपर्यंत हलली नाही. पोरं तिला "इंजिनिअर आजी" म्हणायला लागली. तिनं अठ्ठावीस पोत्यांच्या अठ्ठावीस रेघा भिंतीवर कोळशानं मारल्या होत्या, त्या अजून आहेत.

लोखंड सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याच्या, पत्र्यावर टेकलेलं दिसलं तर काम थांबवा. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई वर उचलून धरणारे ठोकळे, पाहिजेत, पाऊण इंचाचे. नाहीतर काही वर्षांत स्लॅबखालून गंजलेली सळई दिसायला लागते आणि पोपडे अंगावर पडतात.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरा. आपल्याकडं मिळतं ते सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं, त्याला निदान दहा दिवस पाणी पाहिजे. मी चौदा दिवस धरतो आणि तोवर खालचे टेकू काढू देत नाही. सेंटरिंगवाला सातव्या दिवशी येऊन दार वाजवतो, त्याला दुसरीकडं पत्रे लावायचे असतात. भाडं जास्त मागेल. द्या. पाण्याची टंचाई असेल तर काम मार्च-एप्रिलमध्ये काढूच नका. मंजुरीपासून बारा महिने असतात, दिवाळीनंतर स्लॅब पडेल असं बघा.

घर झाल्यावर

शेवटच्या फोटोला शौचालय लागतं आणि दारावर योजनेचं नाव लिहिलेली पाटी लागते. पाच हजार त्यानंतर पडतात. सगळ्या पावत्या, मंजुरीचा आदेश, हजेरीपटाच्या नकला एका पिशवीत घालून ठेवा. घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घ्या. वर दुसरा मजला चढवायचा विचार असेल तर तो पाया भरायच्या आधी सांगायचा. एक मजल्याच्या पायावर पुढं पोरानं वरती खोली काढली की माझं नाव खराब होतं.

मावशीचं घर पूर्ण झालं त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये तिनं मला हाक मारून बोलावलं. स्लॅब तापतो, रात्री झोप येत नाही. म्हणाली, "ओढ्याकडची पांढरी आणून सहा इंच टाकून घेऊ का वर? माळवद कसं गार राहायचं."

मी तिथंच वहीवर हिशेब केला. सव्वीस बाय तेरा, सहा इंच, म्हणजे दीड ब्रासच्या वर माती. कोरडी असतानाच सात टन, पावसात भिजली की अजून. तिला आकडा वाचून दाखवला.

"आपल्या डोक्यावर सात टन?"

"हो."

"जुन्या घरावर किती होते रे?"

"त्याहून जास्त. दरसाल टाकत होतो की आपण."

दुसऱ्या दिवशी तिनं स्लॅबला वरून मारायला लातूरहून कळीचा चुना मागवला. दोन हात मी दिले, तिसरा नातवानं दिला. मे महिन्यात गेलो तर मावशी आत पंख्याखाली झोपली होती.